दोष वायरीचा होता

प्रिय छकुले,

पंचेचाळिशी ओलांडलीस तरी मी तुला हेच म्हणणार, आणि आज तर मुद्दाम म्हणणार, कारण गेलं वर्षभर तूच माझी आई असल्यासारखी वागते आहेस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. माझं अक्षर नीट बघून घे हो, एक ओळ वाकडी सापडली तर सांग.

तर बातमी अशी, की आपला टीव्ही एचडी झाला. हसू नकोस! परवा जुना बॉक्स बंद पडला म्हणून डिशवाल्याला बोलावलं. चांगला पोक्त माणूस. त्याने टीव्हीच्या मागे डोकं घातलं आणि तिथूनच हसायला लागला. एवढा मोठा पडदा, आणि त्याला जोडलाय आधीच्या डबड्या टीव्हीचा बॉक्स, तोही त्या जुन्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीने. वर चित्र आडवं ताणून पडदाभर केलेलं. मावशी, वर्षभर हे कसं काय बघितलंत, असं त्याने विचारलं. मी काय सांगणार, कप्पाळ?

ती वायर जोडली होती जावईबापूंनी. टीव्ही तुम्ही दोघांनी हौसेने आणलात, आणि गाडी गाठायच्या घाईत त्यांनी हाताला लागली ती वायर खुपसली. मला त्याच क्षणी दिसलं होतं, की बातम्या देणारीचे गाल फुगलेत आणि कडा पुसट आहेत. पण जावयाच्या कामाला नाव ठेवायचं कसं? बिचारे घामाघूम झाले होते. म्हणून मी म्हटलं, टीव्ही झकास आहे, माझ्याच डोळ्यांना जरा धूसर दिसत असेल. झालं! माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं.

तिथून तुम्ही जे सुरू झालात! डोळ्यांचे डॉक्टर झाले, एकामागून एक दोन चष्मे झाले. मोतीबिंदू अजून अगदी कोवळा आहे, असं डॉक्टर स्वच्छ सांगत होते, पण टीव्ही धूसर तो धूसरच. दुखणं वायरीला आणि चष्मा मला. मग आई गॅस उघडा ठेवील म्हणायला लागलीस, मग जिन्यावरून पडेल म्हणायला लागलीस, आणि शेवटी आईला एकटीला ठेवायचंच नाही, घर विकून तिला आपल्याकडे आणायचं, इथवर पोचलीस. तुझं प्रेम मला कळत नाही असं नाही गं. पण खरं सांगू? तुमचं ऐकून ऐकून मलाही ते पटलं. मी शिवण सोडलं, पेपर बंद केला. स्वतःच्या घरात भिंतीला हात लावून चालायला लागले. मी! जिने बत्तीस वर्षं फोटो स्टुडिओत काचेवर निगेटिव्ह ठेवून, टोकदार पेन्सिलीने लोकांच्या मुरमांचे डाग आणि देवीचे व्रण घालवले. अर्ध्या गावाच्या नवऱ्या मुली माझ्या पेन्सिलीखालून गोऱ्या होऊन गेल्या.

डिशवाल्याने नवा बॉक्स लावला, चपट्या तोंडाची एकच वायर जोडली आणि रिमोटवर कसलंसं बटण दाबून ताणलेलं चित्र सरळ केलं. अगं बाई! ती बातम्या देणारी केवढी सडपातळ आहे! तिच्या ओठाखाली तीळ आहे, आणि तोंडाची पावडर मानेशी जुळत नाही. मेकअपवाल्याने कामचुकारपणा केलाय, मी असते तर मान आधी धरली असती. खाली पळणारी अक्षरं मी स्वयंपाकघराच्या दारातून, मोठ्याने, न अडखळता वाचली. डिशवाला बघतच राहिला. तो गेल्यावर मी सुईत दोरा ओवून पाहिला आणि मग खुर्चीत बसून रडले. राग आला होता म्हणून रडले, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच होता. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो ना? इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि मी वर्षभर आपली स्वतःच्या पायांना दोष देत बसले.

जावईबापूंना यातलं काय सांगायचं ते तू ठरव. माझी आता भीड चेपली आहे.

आणि आता मुद्द्याचं. सोमवारी घराच्या कागदांवर सही करायला मी येणार होते. येणार नाही. घर घेणाऱ्या गृहस्थांना मी आज सकाळीच फोन करून नाही म्हणून सांगितलं. आधी तुला विचारलं नाही, कारण तू मला नाही म्हणू दिलं नसतंस. तू चिडशील, चीड. मोतीबिंदू पिकेल तेव्हा काढून घेईन आणि पट्टी बांधून इथेच येईन. वय झालंय, कधी पडेनही, तेव्हा तुलाच हाक मारीन आणि तू धावत येशील, हेही मला माहीत आहे. पण त्या दिवशी मी जावयाची भीड म्हणून खोटं बोलले, तर तुम्ही सगळ्यांनी एका शब्दावर विश्वास ठेवलात. आज खरं बोलते आहे. मला दिसतंय, आणि मी माझ्या घरातच राहणार आहे.

तुझीच, आणि माझीही,
आई