दुसऱ्या अंकातलं कुंकू

आनंद भावजी,

तुमच्या नाटकातली विधवा करायला हेमालीने ऐनवेळी नकार दिला, तेव्हा तुम्हीच मला उभं केलंत. "वहिनी, स्टेजवर कुंकू पुसल्याने काही होत नसतं." त्या भूमिकेपायी बँकेतली नोकरी सोडून मी नटी झाले.

दिवाळीनंतर सुश्रुत हार्ट अटॅकने गेला. तेराव्याला सगळ्यांसमोर तुम्हीच म्हणालात, "वहिनींनी ती भूमिका करायला नको होती." भाऊ गेलाय म्हणून बोलताय, असं समजून मी ते सोडून दिलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आईंनी मला वगळलं, तेव्हा तुम्ही शेजारी पेपर वाचत होतात.

हे पत्र देणार नाही. शनिवारी ठाण्याच्या प्रयोगात विंगेतून बघालच. पहिल्या अंकात लावलेलं कुंकू मी दुसऱ्या अंकात पुसणार नाही. पडदा पाडायचा तर तुम्हीच पाडा.

अजूनही सुश्रुतची बायको,
क्षिप्रा