ब्रेकचा काटा आणि कालची पोळी

आवडी, चेन्नई

तीर्थस्वरूप विद्याधरमामांस सिद्धार्थचा साष्टांग नमस्कार (पत्रातून सोपा जातो, इथल्या उकाड्यात खरोखर घातला तर फरशीलाच चिकटेन).

तुमचे गुडघे, मामींचं पित्त आणि देविकाची परीक्षा, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. मी जिवंत आहे. फोनवर दुसऱ्याच वाक्याला तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता, म्हणून हे पत्र. नोकरी कायम झाल्याशिवाय लग्नाचं नाव काढायचं नाही, असं तुम्ही मला गणपतीत सगळ्यांसमक्ष बजावलंत. तेव्हापासून माझं आयुष्य एका ब्रेकवर अडकलं होतं.

आमच्या कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासायचं यंत्र बनतं. पेडल दाबलं की त्याखालचा काडेपेटीएवढा बोर्ड (त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात) दाब मोजून वायरीतून कॉम्प्युटरला कळवतो आणि पडद्यावर काटा हलतो. माझा काटा हलायचा, पण सवडीने. सकाळी जरासा उशीर, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत इतका, की मधल्या वेळात माणूस हात धुऊन यावा. आमचे साहेब शेषाद्री (सज्जन, पण त्यांना हसताना कोणी पाहिलेलं नाही) म्हणाले, असा ब्रेक दाखवलास तर गिऱ्हाईकही जाईल आणि तूही. मी वायर बदलली, कॉम्प्युटर बदलला. माहिती पाठवण्याचा वेग वाढवला, तर उशीर उलट वाढला! आयुधपूजेला शेषाद्रींनी यंत्राला गंधकुंकू लावलं (आधी मला लावलं). ढिम्म फरक नाही. मी इतका खचलो होतो की रसमसुद्धा कडू लागायचं.

शेवटी वैतागून पेडलवर दाणदाण पाय आपटले आणि कॉफी प्यायला निघून गेलो. परत आलो तर शेषाद्री भिंतीला पाठ लावून उभे. पेडलला कोणी शिवत नव्हतं आणि काटा उड्या मारत होता. त्यांनी आधी देवाचं नाव घेतलं, मग माझं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. काटा माझे मघाचे पाय आत्ता दाखवत होता. बोर्ड अखंड आकडे पाठवत होता, कॉम्प्युटर एकेक वाचून काटा हलवत होता आणि न वाचलेले मागे साठत चालले होते. जुना आधी, एकही वाया घालवायचा नाही, ही व्यवस्था माझीच. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात वाढलेला माणूस दुसरं काय करणार? कालची पोळी आधी संपवायची, तोवर आजची शिळी होते. ताजी पोळी मी फक्त तुमच्याकडे खाल्ली आहे, देविकाच्या हातची. मन घट्ट केलं, जुने आकडे फेकून फक्त शेवटचा वाचायला कॉम्प्युटरला सांगितलं, आणि पाय पडताक्षणी काटा हलला. गिऱ्हाईक खूश झालं. काल कायम केल्याचं पत्र हातात पडलं. शेषाद्री हसले नाहीत, पण कॉफी त्यांनी पाजली.

मामींना नमस्कार. लोभ आहेच, तो थोडा वाढवायची वेळ आली आहे.

आपला,
सिद्धार्थ

ता. क. आता मुद्द्याचं, कारण समोर बसून बोलायचं धाडस नाही. देविका मला आवडते, फार वर्षांपासून. मामाची मुलगी मागायची आपल्यात रीत आहे, तेव्हा मागतो. तिला विचारा. हो म्हणाली तर मिळेल त्या गाडीने येतो.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी घरच्या ग्रुपवर साठलेले निरोप वाचायला बसलो (कामाच्या नादात उघडलाच नव्हता, पहिल्या 'शुभ सकाळ'पासून क्रमाने वाचले). आत्ता देविकाच्या साखरपुड्याच्या फोटोंपर्यंत पोचलो. मुलगा बरा दिसतो. ती हसते आहे. मामा, मला फार वाईट वाटतंय. पत्र पुन्हा लिहायचं बळ नाही, वरचा ता. क. वाचलाच नाही असं समजा. एकच विनंती. तिला सख्खा भाऊ नाही, म्हणजे कानपिळीला सगळे मलाच पुढे ढकलणार. त्या मानासाठी दुसरा कोणी बघा. नवऱ्या मुलाचा कान माझ्या हातात देऊ नका.