उंबऱ्यावरची पोर

मुरुम, ३ ऑगस्ट १९४८

आली! न कळवता, बोचकं घेऊन. शिवकांताअक्का. "लोहाऱ्याकडं रझाकारांनी उच्छाद मांडलाय गं पारू, कुठं जाऊ?" थोरली बहीण— नाही म्हणता येईना. सोप्यात घोंगडी टाकून दिली. बजावलं, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, ताट बाहेर येईल. मुलींची शाळा उगाच नाही चालवली इतकी वर्षं.

४ ऑगस्ट

दिवेलागणीला ती पुन्हा दिसली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. कॉन्व्हेंटचा झगा, गुडघ्यांत डोकं. मीच ती, लहानपणची. नोकरी सुटल्यापासून रोज येते. वर बघत नाही.

५ ऑगस्ट

लिहूनच टाकते. सिकंदराबादेला शाळेत गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवायला लावलं. कुठं हरवलं, कळलंच नाही. सुट्टीत तशीच घरी आले. आव्वानं, आईनं, माझा गळा पाहिला. मारलं नाही, रडली नाही. आम्हां लिंगायतांची रीत अशी— लिंग गेलं तर नवं मिळेपर्यंत अन्नाला शिवायचं नाही. मी लेकरू म्हणून मला वाढलं, एवढीच मेहेरबानी! पण नवं लिंग बांधायला स्वामी येईपर्यंत चुलीशी फिरकू दिलं नाही. उंबऱ्यावर बसून जेवायचे. एकदा माझ्यातली भाकरी मोडून आव्वाला दिली, तर तिनं तोंड फिरवलं. अक्का मात्र आत, तिला चिकटून!

आव्वाच्या मातीला मी गेले नाही. बरं केलं.

७ ऑगस्ट

झोप नाही. सिस्टर आग्नेस शिकवायची ती बायबलातली गोष्ट काढली. धाकटा घर सोडतो, सगळं उधळून परत येतो. बाप त्याला मिठी मारतो. थोरला रागानं दाराबाहेर उभा. मी कायम थोरल्याच्या बाजूची— त्याचं काय चुकलं? सिस्टर म्हणायची, "गोष्टीतली सगळी माणसं एकाच छातीत राहतात, पार्वती." तेव्हा हसले होते.

आज वाचता वाचता मान वर केली. सोप्यात अक्का, ताट पुढ्यात, एकटी.

बाहेर ठेवलेली मी. रुसून उभी राहिलेली मी. आणि दार अडवून बसलेलीही मीच!

मग बाप कुठाय?

८ ऑगस्ट

उंबऱ्याशी गेले. पोरीला म्हटलं, "ऊठ. तू बाटली नव्हतीस." तिनं वर पाहिलं. पहिल्यांदाच.

मग अक्काला हाक मारली. "आत ये. गार आमटी किती दिवस गिळणार?"

"गेला व्हय राग?"

"नाही. पण भूक लागलीय."

९ ऑगस्ट

अक्का भाकरी थापता थापता बोलली, "त्या सुट्टीत आव्वा लई वाळली बघ. तुझा उपास तिनं धरला हुता. लेकरू उपाशी कसं ठिवू, म्हणायची."

मी परात खाली ठेवली. "मग मला चुलीपासून लांब का ठेवलं?"

"आत आली असतीस, तर तिचं रिकामं ताट दिसलं नसतं? तू तरी खाल्लं असतंस का?"

१० ऑगस्ट

आज दिवेलागणीला उंबऱ्यावर पोर नव्हती. आव्वा होती.

ताट वाढून नेलं.