गायरानावरची सही

तरटेवाडी, ता. गेवराई
६ फेब्रुवारी २०२५

चि. बजरंग यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं मी अन् मेंढरं खुशाल. तुमचं दोघा नवरा-बायकोचं कळवावं. फोन सोडून कागद कावून लिहिती म्हणशील. फोनवर तू हां अक्का, हां अक्का करतोस अन् ठेवून देतोस. कागद तरी पुरा वाचशील.

आपल्या गायरानात चुन्याच्या रेघा मारल्यात बाबा. चाळीसच्या चाळीस एकरावर बीडचा एक बिल्डर बंगल्यांची वसाहत करणार हाय. बोर्ड लावलाय, त्यावर कारंजं काढलंय! उन्हाळ्यात आपल्याकडं टँकर येतो अन् ह्यांना कारंजं पाहिजे. मी तिथंच उभी राहून लई हसले, मग रडू आलं. माझी साठ मेंढरं, शेजारच्या दीपमालाच्या शेळ्या, लोकांची गुरं, जायची कुठं?

ग्रामसेवकाशी भांडले तर त्यानं ठराव पुढं केला. म्हणे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गावानं संमती दिली. कसली ग्रामसभा? झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, समदे घरी गेले. मी होते ना तिथं! पण हजेरीत एकशेबारा सह्या हायत, अन् ऊसतोडीला गेलेल्यांत पहिली सही तुझी. तुझा ‘ब’ मी ओळखत न्हाई काय? तू तर दिवाळीपासून तिकडं ऊस तोडतोस. हे काय गौडबंगाल हाय ते कळव.

छबुच्या हाताला फोड आलेत म्हणत होती, तिला खोबरेल लावायला सांग. राग आला तरी उत्तर टाक, तुझ्याबिगर मला भांडायला दुसरं कोण हाय?

तुझी अक्का,
रतन

मु. शिरोळकडील फड
१३ फेब्रुवारी २०२५

ती. रतनअक्का हिस बजरंगचा शि. सा. न. वि. वि. कागद मिळाला. छबुनं कारंज्याचं दोनदा वाचायला लावलं अन् पोट धरून हसली. मला काय हसू आलं न्हाई.

सही माझीच हाय. दिवाळी झाल्यावर आमी निघालो, ट्रकात भांडीकुंडी चढवत होतो, तवा मुकादम तानाजीरावानं रजिस्टर आणलं. टोळीतल्या समद्यांनी सह्या-अंगठे केले. कशाचं हाय ते मी वाचलं न्हाई. मुकादम बोट ठेवंल तिथं सही करायची, दरसाल हेच चालतं. तुला ठाऊकच हाय.

पण अक्का, एक बोलू? तानाजीराव म्हणतो, सह्या करणाऱ्यांना कडेचे प्लॉट मिळणार. आमी सहा महिने पाचटाच्या कोपीत राहतो अन् सहा महिने पत्र्याखाली. लग्नाला नऊ वर्षं झाली, छबुनं आपली म्हणून एक भिंत सारवली न्हाई. तू मेंढरांचं बघतीस, कधी आमचं बी बघ की. ह्यात वाईट काय हाय?

जादा बोललो असंन तर पोटात घाल, माया कमी करू नको.

तुझा,
बजरंग

तरटेवाडी
१९ फेब्रुवारी २०२५

चि. बजरंग यास आशीर्वाद. आशीर्वाद लिहायचा म्हणून लिहिते, न्हाईतर तुझा कागद वाचून तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

भिंत पाहिजे ना? गावठाणात माझ्या वाट्याची जागा हाय, ती घे, आजच घे. पण गायरान ना माझं, ना तुझं, ना त्या तानाजीरावाचं. ते मुक्या जनावरांचं हाय, त्यांना सही करता येत न्हाई म्हणून कोणी बी उठून द्यायचं काय? मी मेले तरी तिथं पाया खोदू देणार न्हाई, हे त्या बिल्डरला तोंडावर सांगितलंय.

आता नीट ऐक. आमी तीस बायांनी अर्ज दिलाय, ४ मार्चला मोठ्या सायबापुढं सुनावणी हाय. आमच्या वकील उज्ज्वलाबाई म्हणतात, २६ जानेवारीला टोळी गावात नव्हतीच, एवढं दाखवलं तरी ठराव पडतोय. त्या दिवशीच्या उसाच्या वजनाच्या पावत्या घेऊन ये. सही दिवाळीतली अन् तारीख मागाहून टाकलेली, एवढंच सांगायचं.

परवा पारावर सरपंच समद्यांदेखत म्हणाला, रतनबाई, तुझ्याच भावानं गायरान दिलंय. मी मारुतीच्या पायावर हात ठेवला अन् सांगितलं, माझ्या भावानं वाचलंच न्हाई, त्याला फसवलंय. तू येऊन तेच सांग, म्हणजे शपथेतनं माझा हात मोकळा झाला.

छबुला माझा आशीर्वाद, अन् तुला आल्यावर.

अक्का

शिरोळ
२४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्का हिस शि. सा. न. वि. वि. पावत्या मिळाल्या. मुकादमाकडं रजा मागितली तर म्हणाला, गेलास तर पुढल्या साली माझ्या टोळीत तुझा कोयता न्हाई. मी इचार करत बसलो, तवर छबुनं भांडी बांधून बी टाकली. टोळीतले परमेश्वर अन् सिदू बी बायकांना घेऊन आमच्यासंगं निघालेत. जागेचं तू लिहिलंस, छबु म्हणती घेऊ, पण अक्का शेजारी राहत असंल तरच.

आता खरं लिहितो. मारुतीच्या पायावर हात ठेवायच्या आधी मला एकदा इचारायला पाहिजे होतंस. अक्का, मी वाचलं होतं. ‘गायरान वसाहतीसाठी देण्यास संमती’ असं वर लिवलेलं होतं, तारखेची जागा तेवढी कोरी होती. परमेश्वर, सिदू अन् बाकीचे माझ्यामागं उभे होते. त्यांना वाचता येत न्हाई. ते मला इचारत होते, काय लिवलंय रं बजरंग? मी म्हणालो, नेहमीचंच हाय. माझ्या डोळ्यापुढं तो प्लॉट होता.

काल त्या दोघांना हे सांगितलं. सिदू दिवसभर माझ्याशी बोलला न्हाई, पण यायचं थांबवलं न्हाई त्यानं.

४ तारखेला सायबापुढं मी हे समदं सांगणार हाय, अन् मग पारावर बी सांगणार. तुझी शपथ खोटी पडंल, लोक तुला बोलतील, मला ठाऊक हाय. तू नको म्हणालीस तरी मी ऐकणार न्हाई. आमी रविवारी सकाळी गेवराईला उतरतो. घ्यायला येऊ नकोस असं लिहिणार होतो, पण ये. पहिल्यांदा तुझ्या तोंडाकडं बघून सांगायचंय.

तुझा धाकटा,
बजरंग