शून्य उद्धरणे

सोमवार, ७ जुलै २०२५
महाविद्यालयाची ग्रंथपाल शितल लॅपटॉप घेऊन आली. मूल्यांकन समिती येणार आहे. निवृत्तांसह प्रत्येक अध्यापकाचे शोधनिबंध किती, आणि ते इतरांनी किती वेळा उद्धृत केले, याची मोजणी चालली आहे. माझे निबंध एकतीस. उद्धरणे —
"शून्य दावतंय, आप्पा. नेट मंद हाय, परत बघते."
दोष नेटचा नव्हे, हे तिलाही ठाऊक होते.

मंगळवार, ८ जुलै
फळाची आशा धरू नये, असे चाळीस वर्षे शिकवले. आणि एका आकड्याने जेवण जाईना.
खरे तर दुःख आकड्याचे नाही. जगाने उद्धृत न केले तरी चालेल, पण हर्षदाने? राहू गावच्या फूलमळ्यातली मुलगी, माझी शेवटची विद्यार्थिनी. गीतेतला 'क्षेत्रज्ञ' हा शब्द उलगडत होतो, तेव्हा म्हणाली, "शेत जाणणारा म्हंजी पाणी कुठं मुरतं ते जाणणारा. व्हय ना, आप्पा?" मी भर वर्गात हसलो — "हा मळ्यातला वेदान्त मळ्यातच ठेव." त्याच वर्षी ती परगावी पीएच.डी.ला गेली. अकरा वर्षे झाली. एक ओळ नाही.

गुरुवार, १० जुलै
गुरुपौर्णिमा. पूर्वी आज राहूहून ॲस्टरची फुले येत. तीनदा फाटकाशी जाऊन आलो. सूनबाई समृद्धी म्हणाली, "आप्पा, दूधवाला कवाच गेला."

शनिवार, १२ जुलै
शितलने हर्षदाचा ग्रंथ मागवून दिला. संदर्भसूचीत दोनशे नावे. माझे नाही. मिटून ठेवला.

सोमवार, १४ जुलै
धीर करून वाचला. पान एकेचाळीस: विवेचन माझे, दृष्टान्तही माझाच. तळटीप — 'हा अर्थ गुरुमुखातून.' पुढेही तेच. सत्तावीस ठिकाणी.
गुरूचे नाव उच्चारू नये, हा पाठ पहिल्या तासाला मीच देत असे! माझे एकतीस निबंध काढून पाहिले. माझ्या गुरुजींचेही नाव कुठेच नाही.
तिच्या शेवटच्या प्रकरणाचे शीर्षक 'मळ्यातला वेदान्त'. तिथे गुरुमुख नाही. ते सर्वस्वी तिचे, आणि यथार्थ.
शितल म्हणाली, "नव्या आवृत्तीत नाव घालायला सांगू का त्यांना? शून्य तरी जाईल."
"शून्यच पाठव," म्हटले.
हर्षदाला पत्र टाकले. एकच वाक्य: तुझा अर्थ बरोबर होता; मी हसायला नको होते.

शुक्रवार, १८ जुलै
दुपारी समृद्धी फोन हातात धरून आत आली. "कोण बाई हाय, आप्पा. घरातलं कोण पायजे विचारलं, तर नावच घेईना."
मी हात पुढे केला.