कोमिकच्या पायऱ्या किती, ते कळवावे

हॅमिल्टन, न्यूझीलंड
मे महिन्यातला दुसरा रविवार

आदरणीय बाळासाहेब यांना दीनानाथचा नमस्कार. वाकून केला आहे असं समजावं. तुम्ही मात्र आशीर्वादासाठी उठू नका, दोन्ही गुडघे नवे आहेत, बसूनच द्या. (वयाने तुम्ही माझ्याहून अकराच महिन्यांनी मोठे, पण बायकोचा थोरला भाऊ म्हटल्यावर ते महिने वर्षांसारखे मोजायचे, हे मला मांडवातच समजावून देण्यात आलं होतं.) निशिगंधावहिनींचं बीपी कसं आहे? त्या परवा फोनवर कौमुदीला सांगत होत्या की ऑपरेशनला सहा महिने झाले, डॉक्टर चाला म्हणतात, पण तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीतून हलत नाही, कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंतसुद्धा जात नाही. ऐकून वाईट वाटलं. पण आधी माझं रडगाणं ऐका, कारण ते निकडीचं आहे.

पत्र बघून दचकला असाल. पण या घरात फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची पद्धत आहे. तुमच्याशी मी बोलत असताना लेक सुखदा भाजी चिरत ऐकते, जावई लॅपटॉपवरून ऐकतो आणि नात ईशा मध्येच 'हाय बाळूआजोबा' म्हणून ओरडते. व्हॉट्सॲपचं तर नावच नको. मूळव्याधीच्या चूर्णाबद्दल तुम्हाला एकट्याला लिहिलेला मजकूर मी चुकून 'मिरजकर परिवार' या ग्रुपवर टाकला होता, त्यावर सात जणांनी अंगठे दाखवले होते आणि एकाने हात जोडले होते. म्हणून पत्र. सलोनी नावाची सांगलीची एक नर्स इथल्या हॉस्पिटलात आहे, ती गुरुवारी रजेवर निघते आहे, ती आणून देईल. पाकीट मी डिंकाने चिकटवून वर सेलोटेप मारणार आहे.

तर मामला असा की आपलं स्पितीचं गुपित फुटायच्या बेतात आहे. काय घडलं होतं ते एकदा लिहूनच काढतो, कारण इतकी वर्षं मी ते वेगळं सांगत आलोय की खरं काय, हे मलाच आठवावं लागतं. चौदा वर्षांपूर्वी तुम्ही नि मी शिमल्यावरून किन्नौरमार्गे स्पितीला निघालो. कल्पाला तुम्ही म्हणालात, दोन दिवस थांबू, हवेची सवय होऊ दे. मी म्हणालो, ज्याने तीस वर्षं आठवीच्या पोरांना नकाशावर काठी फिरवून हिमालय शिकवला, त्याला कसली सवय करायची? नाकोला माझं डोकं दुखायला लागलं, ताबोला पोटातलं सगळं बाहेर आलं, आणि काझाला तुम्ही नि ड्रायव्हरने मला दोन्ही बगलांना धरून जिना चढवला. तिथे मी सहा दिवस अंथरुणात होतो. तुम्ही मला सोडून जायला तयार नव्हता, मीच तुम्हाला शपथ घालून पाठवलं, एवढं पुण्य माझ्या खात्यावर लावा. लांगझा, कोमिक, हिक्कीम, ल्हालुंग, देमुल, पिनच्या खोऱ्यातलं अगदी शेवटचं मुद, जिथे आपल्याकडच्या टूरवाल्यांच्या बसेस वळत नाहीत अशी सगळी गावं तुम्ही पाहिलीत आणि रोज संध्याकाळी माझ्या उशाशी बसून इत्थंभूत सांगितलीत. हिक्कीमला जगातलं सगळ्यात उंच पोस्ट आहे असं म्हणतात, तिथून टाकायला मी कौमुदीच्या नावाचं कार्डही पडल्या पडल्या लिहून तुमच्याकडे दिलं होतं.

घरी आल्यावर कौमुदीने विचारलं, 'कसं झालं?' मी म्हणालो, 'वा!' बाळासाहेब, माझा गुन्हा एवढाच. पुढे त्या 'वा'ला पाय फुटले. दर लग्नात, दर मुंजीत कोणीतरी विचारायचं आणि मी तुमचं ऐकलेलं सांगायचो, आणि सांगता सांगता लांगझाच्या बुद्धाच्या पायाशी शिंपल्याच्या खुणांचा दगड तुमच्याऐवजी मलाच सापडायला लागला. तुम्ही समोर असलात की मान खाली घालून जिलबी खात राहायचात. तुमचा हा मोठेपणा मी विसरलेलो नाही. कौमुदीला मात्र या विषयाची गोडी म्हणून नाही. गोष्ट हिक्कीमच्या पोस्टाशी आली रे आली, की ही उठलीच. 'दूध बघते' म्हणून आत जाते ती पोस्ट संपल्यावर बाहेर येते. मिरजेत ठीक होतं, पण इथे दूध प्लास्टिकच्या बाटलीत फ्रिजमध्ये थंडगार बसलेलं असतं, ते तापवायचंच नसतं, तरीही ही उठते! चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पराक्रमाकडे इतकं दुर्लक्ष बरं नव्हे.

आता इथला घोटाळा. सुखदाने हौसेने सगळ्यांना सांगून ठेवलं की बाबा हिमालयाचे जाणकार. झालं, इथल्या मराठी मंडळींनी शनिवारी माझं भाषण ठेवलं, 'हिमालयातील अपरिचित स्थळे'. साबुदाणेवडे होते, त्यामुळे गर्दी चांगली होती. तुमचे फोटो पडद्यावर लावायचं काम जावयाकडे. यतीन इथल्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या डेअरीत कामाला, माणूस व्यवस्थित, पण त्याच्यात निवडणं नाही, भरणं आहे. त्याने सगळाच्या सगळा फोल्डर भरला. मी कोमिकच्या मठाचं, म्हणजे गोंपाचं, वर्णन संपवतोय तोच पडद्यावर मी. कानटोपी, नाकापर्यंत रजई, उशाशी निळी बादली. (हे फोटो तुम्ही काढलेत कधी? आणि का?) हॉलमध्ये हशा पिकला. मी म्हणालो, 'ही कोमिकची मुक्कामाची खोली.' पुढे मुदचे दोन फोटो आणि त्यानंतर परत मी. तीच टोपी, तीच रजई. 'ही मुदची.' ल्हालुंगनंतर तिसऱ्यांदा आलो तेव्हा सलोनीने हात वर केला. 'काका, तिन्ही गावांत बादली एकच कशी?' मी म्हणालो, 'प्रवासात बादली आपली नेलेली बरी.' पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी ते फोनमध्ये टिपून घेतलं.

हसू नका. पहिल्या रांगेत ईशाही बसली होती. अकरा वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. तिने घरी येताना गाडीत विचारलं, 'आजोबा, हाऊ कम यू आर ऑलवेज इन बेड?' मी म्हणालो, दमायला होतं गं चालून. ती म्हणाली, 'स्वीट ॲज' (म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'बरं, ठीक'), आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिने शाळेत माझ्यावर प्रोजेक्ट घेतलाय, जगातल्या सगळ्यात उंच पोस्टात चालत गेलेले आजोबा. पुढच्या आठवड्यात वर्गापुढे बोलायचं आहे. आणि जुलैच्या सुट्टीत ही सगळी मंडळी मिरजेहून पुढे स्पितीला जाणार, तिकिटं झाली, वाटाड्या मी! बाळासाहेब, सत्तरी आली, मला आता हिमालयाची भीती नाही वाटत. या पोरीची वाटते. ती माझं बोट धरून कोमिकला उभी राहील आणि विचारेल, आजोबा, आता कुठल्या बाजूला? तेव्हा मी काय करू?

तयारी म्हणून मला दर शनिवारी हाकारिमाता नावाच्या डोंगरावर नेतात. तेराशेहून जास्त पायऱ्या आहेत, आणि वर देऊळ नाही, प्रसाद नाही, नुसता मनोरा. मी दोनशेव्या पायरीवर झाडाला टेकून उभा असतो तेव्हा माझ्याहून वयस्कर गोऱ्या बायका रबरी चपला घालून (त्यांना इथे जँडल म्हणतात) 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणत वर जातात आणि मी अजून तिथेच असताना 'किया ओरा' म्हणत खाली येतात. एकीने परवा मला केळं दिलं.

तेव्हा सलोनी परत यायला निघेल तेव्हा तिच्याबरोबर पुढील माहिती सविस्तर पाठवावी. कोमिकच्या गोंपाला पायऱ्या किती? पोस्टाचं दार कोणत्या दिशेला, पेटी आत की बाहेर? देमुलला तुम्ही ज्यांच्याकडे जेवलात त्यांचं नाव काय? मला विचाराल तर मला त्या मुलखातली एकच जागा ठाऊक आहे, काझाच्या त्या खोलीची खिडकी. ती मात्र पक्की ठाऊक आहे. समोर विलोचं झाड, पलीकडच्या धाब्यावर वाळवण उलटणारी म्हातारी, आणि दुपारचं वारं सुटलं की येणारं कान फाटलेलं करडं गाढव. सहा दिवसांत एकदाही चुकलं नाही. मालकीणबाई लसणाचं सूप घेऊन यायच्या, त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. चौथ्या दिवशी त्यांनी नुसता कपाळावर हात ठेवला आणि मला रडू आलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्ही त्या वेळी देमुलला होता. पण खिडकीवर कोणी भाषण ठेवत नाही, तेव्हा पायऱ्यांचं तेवढं लक्षात ठेवून कळवावं.

वहिनींना नमस्कार. वाचून झाल्यावर पत्र फाडावं, जाळायला उठू नये.

आपला मेहुणा,
दीनानाथ

ता.क. (बुधवार) पायऱ्या कळवू नयेत. पोस्टाची दिशाही नको. काल संध्याकाळी ईशा प्रोजेक्टसाठी एक जुनं कार्ड घेऊन आली. मी हिक्कीमहून 'पाठवलेलं' तेच. कौमुदीने ते शिवणाच्या डब्यात जपून ठेवलं होतं आणि इथे येताना बरोबर आणलं होतं, मला पत्ता नाही. ईशाला मराठी वाचता येत नाही, म्हणून तिने आजीला विचारलं, आणि आजी म्हणाली, आजोबांकडून वाचून घे, कोपऱ्यातलंसुद्धा. मी ऐटीत चष्मा लावून वाचलं, 'येथवर चालत आलो. थंडी फार. दम अजिबात लागला नाही.' मग कोपरा. तिथे दुसऱ्या पेनने, मुंगीएवढ्या अक्षरात, तुमचं होतं: 'कौमे, हे काझाला अंथरुणात आहेत. ताप उतरला. आज आमटीभात मागितला, म्हणजे बरे आहेत. काळजी करू नकोस, आणि यांना काही बोलू नकोस.'

बाळासाहेब, चौदा वर्षं! तुम्ही बहिणीला कळवलं, बहीण गप्प, तुम्ही गप्प, आणि मी दर लग्नात तुम्हा दोघांच्या मधोमध उभा राहून हिक्कीम चढत होतो. मी कौमुदीकडे बघितलं तर ती उठली. म्हणाली, 'दूध बघते.' आता कळलं ती का उठते ते. माझ्यासमोर बसून हसू आवरायचं नाही, आणि मला उघडं पाडायचंही नाही, म्हणून बिचारी चौदा वर्षं स्वयंपाकघरात नसलेल्या दुधापाशी उभी राहते आहे. सुखदालाही ठाऊक होतं. ती म्हणाली, 'बाबा, तुम्ही इतकं छान सांगता, की मोडवत नव्हतं.' राहिली ईशा. मी तिला सगळं खरं सांगितलं, कल्पापासून बादलीपर्यंत. तिने विचार केला आणि म्हणाली, 'दॅट्स ओके, आजोबा. हीप्स ऑफ पीपल गेट सिक.' मग म्हणाली, 'टेल मी अबाऊट द डाँकी अगेन.' आता वर्गात ती पोस्टाबद्दल नाही, खिडकीबद्दल बोलणार आहे. निळ्या बादलीचं चित्रही काढलंय. फार हुबेहूब आलंय, मी बघतो आणि मला मळमळतं.

दुसरा ता.क. (गुरुवार, सलोनी दारात उभी आहे, घाईत लिहितोय) मूळ विनंती राहिलीच. ती पहिल्यापासून मनात होती, पायऱ्यांचं निमित्त होतं. जुलैत तुम्ही आमच्याबरोबर चला. नाही म्हणू नका. जीप हिक्कीमच्या दारापर्यंत जाते, तुम्हीच सांगितलं होतं. सुखदा फार्मासिस्ट आहे, गोळ्या तिच्याकडे आहेत, आणि या वेळी कल्पाला दोन दिवस मुक्काम मी स्वतः मागून घेतलाय. तुमचे डॉक्टर हो म्हणाले तर वर चला. गुडघ्यांनी नकार दिला तर काझाला माझ्या त्या खिडकीत बसा. गॅलरीपेक्षा देखावा बरा आहे, आणि गाढव येतं की नाही ते बघायला कोणीतरी हवंच. तुम्ही सहा दिवस मला सांगितलंत तसं रोज संध्याकाळी तुमच्या उशाशी बसून मी सांगेन. या वेळी खरोखर जाऊन आल्यावर.

आणि वहिनींच्या नावाचं एक कार्ड लिहून ठेवा. 'चालत आलो, दम लागला नाही', जे वाटेल ते लिहा, मी हिक्कीमच्या पेटीत टाकीन. कोपरा मात्र रिकामा सोडा. तिथे काय लिहायचं ते मी तिकडे बघून ठरवीन.