पक्षपंधरवड्यात उतरवलेली सायकल

रवि. ६ ऑक्टोबर १९७४
सुट्टी. माळ्यावरची छोटी सायकल उतरवली. वसंताची आणि माझी. वडील, आमचे दादा, गिरणीत मुकादमाच्या जागी जॉबर झाले तेव्हा आम्हा दोघा भावांत मिळून एक घेतली होती. वसंता पुढं, मी मागं कॅरिअरवर. तो विषमज्वरानं गेला तेव्हा नऊ वर्षांचा, मी सातचा. त्याच आठवड्यात दादांनी सायकल वर टाकली आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही म्हणून बजावलं. पुढं दादाही गेले, नाव बंद ते बंदच.
आता माझी बेबी सातची झाली. भाड्याची सायकल आणून गल्लीत शिकते, गुडघे फोडून घेते. म्हटलं घरात आहे ती नीट करू. खाली घेतोय तोच सौ. तव्यावर पोळी टाकून बाहेर. पक्षपंधरवडा चालू आहे, पितरांच्या दिवसांत कुणी नवं काही काढतं का, म्हणाली. म्हटलं नवं कुठाय, जुनंच तर आहे. बोललो आणि जीभ चावली.
आईनं पदरानं सीट पुसली आणि आत गेली.

मंगळ. ८
सौ. चा अबोला. भाकरी ताटात आपटते. काल मात्र एकदम सगळं बोलून घेतलं. मेलेल्या पोराची वस्तू जित्या पोराला देत नाहीत म्हणे. आमचा पहिला मुलगा तीन महिन्यांचा होऊन गेला, त्याची झबली-दुपटी तिनं आपल्या हातानं बाहेर दिली, एक चिंधी ठेवली नाही. आता एकच पोर पदरात, तिच्या बाबतीत हात दाखवून अवलक्षण कशाला.
चूक म्हणता येत नाही. पण डोकं फिरतं. ती सायकल माझीही होती की! मी बसलोय ना जिता? माझा अर्धा वाटा कुणाच्या ध्यानातच नाही.

शुक्र. ११
दुपारची पाळी. सकाळी सायकल नव्या पेठेत उस्मानभाईंच्या दुकानी नेली. फ्रेम ठीक, चाकंही बरी. पायडल मात्र हलेना. मधला दांडा गंजून आत बसलेला, ठोकून ठोकून काढला तर लाल चिखल. "माळे पे थी तो पानी किधर से आया, भाई?" मी म्हटलं काय की.
माहीत होतं. दर खंडेनवमीला आई शिडी लावून वर चढायची, सायकलीला हळदीकुंकू लावायची आणि नारळ फोडून पाणी तिच्यावर ओतायची. दादा तेवढ्यापुरते बाहेर जायचे. नाव बंद होतं, पूजा बंद नव्हती. इतक्या वर्षांचं नारळाचं पाणी आत मुरलं. लोक वाहन टिकावं म्हणून पुजतात, आमच्या आईनं पुजून पुजून गंजवलं. हसू आलं, पण फार वेळ नाही.
आईला सांगितलं नाही. सांगणारही नाही.

रवि. १३
दिवसभर रंग खरवडला. आई तांदूळ निवडत शेजारी येऊन बसली. एकदम म्हणाली, वसंता उतारावर दोनी पाय वर घ्यायचा अन् तू मागं बसून भोकाड पसरायचास.
दादा गेल्यावरही तिनं कधी काढलं नव्हतं ते नाव. मी मान खाली घालून घासत राहिलो. मला यातलं काहीच आठवत नाही. ना तो उतार, ना रडणं.
बेबी तिथंच होती. वसंता कोण, म्हणून विचारायला लागली. सौ. नं आतून हाक मारून तिला बोलावून घेतलं.

गुरु. १७
काल घट बसले. पंधरवडा सरला तशी सौ. जरा सैल पडली. अटी घातल्या. हिरव्याच्या जागी लाल रंग लावायचा. सीट नवी, घंटी नवी. गोमूत्र शिंपडायचं. आणि यंदा खंडेनवमीला पूजा ती करणार, सासूबाईंनी सायकलीला हात लावायचा नाही.
सगळ्याला हो म्हणून मोकळा झालो. शेवटचं आईला आधी विचारायला हवं होतं. संध्याकाळी नुसतं कानावर घातलं. "बरं," म्हणाली. तिचं बरं म्हणजे नेमकं काय, हे चाळिशी आली तरी मला कळत नाही. बायको आणि आईमध्ये माझी अडकित्त्यातली सुपारी.

सोम. २१
रॉकेलच्या रांगेत अर्धी सकाळ गेली. मग रंगाचा दुसरा हात. बेबीनं वाळला का बघायला बोट लावलंच, दांडीवर ठसा उमटला. पुसला नाही. सौ. नं आपणहून हँडलला रिबिनी बांधल्या. निळ्या. बरं वाटलं, लई दिवसांनी.

गुरु. २४, खंडेनवमी
सकाळी सौ. नं पूजा केली. नारळ बाजूला दगडावर फोडला, मीच तसं सांगितलं होतं. आई उंबऱ्याच्या आत उभी. हात लावला नाही, ठरल्याप्रमाणे. मग बेबी बसली. थोडं अंतर मी धरून पळालो, मग सोडली. पोरगी सुटली की सरळ गल्लीच्या टोकापर्यंत! शेजारीपाजारी बाहेर आले. मलाच रडू यायला लागलं.
वळून येताना उताराला सायकलीनं वेग घेतला. आई उंबरा ओलांडून पुढं आली आणि मोठ्यानं म्हणाली, "वसंता, हळू रे, हळू!"
आणि बेबीनं तिकडून ओ दिली. "ओऽऽ आज्जी!" हसत.
सौ. च्या हातात पूजेचं ताट होतं. तिनं ते खाली ठेवलं, पळत जाऊन चालत्या सायकलीवरून पोरीला उचललं. सायकल तशीच गटारीच्या कडेला पडली. मेलेल्याच्या नावानं हाक आली आणि पोरीनं ओ दिली, आता आणखी काय व्हायचं राहिलंय, एवढंच ती म्हणत राहिली. बेबीची नजर उतरवली. दोनदा. नैवेद्य तसाच.

शुक्र. २५, दसरा
सकाळच्या गाडीनं सौ. बेबीला घेऊन जेऊरला माहेरी गेली. अडवलं नाही. स्टेशनवर एवढंच म्हणाली, "मी एक पोरगं घालवलंय. तुमच्या आईनं पण घालवलंय, त्यांना कळायला पायजे होतं."
आपट्याची पानं आणली होती. कुणाला द्यायची? आईच्या पाया पडलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मंगळ. २९
आज आईला विचारलं. चुकून तोंडातून गेलं ना, एवढं म्हण, मी जेऊरला जाऊन तसं सांगतो. मला तेवढंच पाहिजे होतं.
म्हणाली, "चुकून न्हाय. सायकल चालताना दिसली, मी हाक मारली. तुझ्या बापानं बंदी घातली, ती त्यो हुता तवर पाळली. आय हाय मी त्या पोराची. किती वर्षं गप बसू?"
माझा पारा चढला. मग तूच जाऊन सुनेला आण, म्हणालो. नको ते बरंच बोललो. ती भाजी चिरत होती, चिरत राहिली. कामावर गेलो तरी डोकं ताळ्यावर नव्हतं, मुकादम ओरडला.

शनि. २ नोव्हें.
घरात दोघंच. आई रांधते, मी जेवतो. बोलणं मीठ आणि पाण्यापुरतं. सायकल पडवीत. मडगार्डला पोचा आलाय.

बुध. ६
सासरे पेठेत खरेदीला आले, तसे घरीही आले. माणूस सरळ. म्हणाले, आमची बाई दिवाळीला येईल, नाही असं नाही. पोरगी सायकल सायकल करून जीव खाते, म्हणून सायकलीलाही आता तिच्या आईची ना नाही. पण त्या पोराचं नाव बेबीच्या कानावर पुन्हा पडता कामा नये. कोण होता, कसा गेला, काही नाही. बेबी तिकडं सगळ्यांना विचारत सुटलीय, वसंता कोण, आज्जी मला वसंता का म्हणाली. कुणी सांगत नाही.
मी लगेच हो म्हटलं. चहा होईपर्यंत आई चुलीपाशीच होती, सगळं ऐकत.

शनि. ९
दिवाळी तोंडावर आली. मडगार्ड ठोकून सरळ केलं. संध्याकाळी आई पडवीत आली. सायकलीपासून जरा लांबच उभी राहिली. म्हणाली, "हितं नको ठिवू. जेऊरला न्हे. तितं मोकळं रान हाय, अन् हाक मारायला मी न्हाय."
मी म्हटलं, तुला बघायची होती ना चालताना. तर म्हणाली एकदा बघितली की, बास झालं.
त्या दिवशीचं बोललेलं मागं घ्यायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच गप केलं. मग म्हणाली, "पर पोर इचारतीय न्हवं? तिला सांग वसंता कोन. खोटं नको, सगळं सांग. हुता असा एक पोरगा म्हनावं. तेवढं कर, मग मी पुन्हा तोंड उघडनार न्हाय."
उद्या पहिल्या गाडीनं निघायचं. सायकल सामानाच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये टाकायची, हँडलला पोतं गुंडाळून ठेवलंय. पोरगी स्टेशनवरच विचारणार, मला माहीत आहे. सौ. शेजारीच उभी असणार. सांगायचं म्हटलं तरी काय सांगू? मला त्याचा चेहराही आठवत नाही. फोटो नाही. मी मागं बसायचो, मला त्याची पाठच दिसायची.
आईला हो म्हटलंय. सौ. लाही हो म्हटलंय.